कायोटीसाठीं रायफल कोणत्या बोअरची घ्यावी?

गेल्या हिंवाळ्यांत मुलीकडे अमेरिकेंत कॅन्सस राज्यांत पांच महिने राहण्याचा योग आला. परत आल्यावर आपल्या संघाच्या बैठकींत तिकडील शेतीच्या चार गोष्टी सांगितल्या. तेथील मेंढ्या पाळणारे शेतकरी कायोटी नांवाच्या जनावराचा बंदोबस्त रायफलीनें करतात, हें त्यांत ओघानें निघालें. लागलींच दोघां-तिघां सभासदांनीं प्रश्न केला, "भाऊसाहेब, रायफल कितीची?"

माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली व त्यांतील कांहीं वर्षें हत्यारांच्या परवान्यांचें दफ्तर माझ्याकडे होतें. त्या टेबलावर हा प्रश्न मीं शेंकडों वेळां ऐकला आहे. विचारणाराच्या मनांत त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो कीं, सर्वांत मोठी कोणती? कॅन्ससमध्यें ज्या वृद्ध गृहस्थांबरोबर मी हिंडलों त्यांनीं मला शिकविलें कीं, हा प्रश्न शेवटीं विचारावयाचा आहे. त्याच्या आधीं अंतर किती, वारा कसा, आणि जनावराच्या पाठीमागें काय आहे, हे तीन प्रश्न सुटले पाहिजेत. तें कसें, हें सविस्तर लिहावें अशी संपादकमहाशयांची इच्छा झाली, म्हणून हा लेख.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. कायोटी आपल्या देशांत नाहीं. त्याचा भाऊबंद जो आपला कोल्हा, त्याची शिकार करणें वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ अन्वयें गुन्हा आहे. रानडुकराच्या बाबतींतहि वनखात्याची परवानगी हातीं असल्यावांचून बंदूक उचलतां येत नाहीं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा, आणि स्वसंरक्षण वा शिकार यांसाठीं निदान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. रायफल ही त्यापुढची पायरी आहे. तेव्हां खालील मजकूर वाचून कोणीं कोल्ह्यामागें लागूं नये.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याहून मोठा व लांडग्याहून लहान असतो. अलास्कापासून पनामापर्यंत तो सर्वत्र आढळतो. त्याचें नांव मेक्सिकोंतील नाहुआत्ल भाषेंतून आलेलें आहे. कॅन्ससचे शेतकरी मात्र शेवटची वेलांटी गिळून त्यास नुसतें 'कायोट' म्हणतात. रंग करडा-पिंगट, कान उभे, शेपूट झुपकेदार व पळतांना खालीं सोडलेलें. मैदानी भागांतील पूर्ण वाढीचें जनावर बहुधा पंचवीस ते पस्तीस पौंड भरतें. थंडींत केस दाट झाल्यामुळें तें प्रत्यक्षाहून बरेंच मोठें दिसतें, आणि नवख्या माणसाचा नेम येथेंच चुकतो; कारण केस वजा जातां छातींतील मर्मस्थान अवघें पांच-सहा इंचांचें उरतें. उंदीर, ससे, नाकतोडे, मेलेलीं जनावरें, इतकेंच नव्हे तर कलिंगडें देखील तो खातो. उंदरांच्या बाबतींत तो शेतकऱ्याचा चाकरच म्हणावयाचा. पण मेंढ्या विऊं लागल्या म्हणजे त्याचें दुसरें रूप दिसतें. सन २००४ मध्यें त्या देशांत हिंस्र जनावरांनीं मारलेल्या मेंढ्या व कोंकरें यांची सरकारी गणना सव्वादोन लाखांच्या आसपास भरली, आणि त्यांपैकीं साठ टक्के कायोटीच्या नांवावर पडलीं.

मुलीच्या घराशेजारीं सत्तरी उलटलेले एक शेतकरी राहतात. तेथें लहानथोर सारे त्यांस पहिल्या नांवानें हांक मारीत. मला तें शेवटपर्यंत जमलें नाहीं, मी 'मिस्टर' लावूनच बोले. त्यांच्याजवळ साठेक मेंढ्या, थोडीं गुरें, आणि गहूं व ज्वारी यांची जमीन आहे. होय, ज्वारी. त्या देशांत ज्वारी पिकविण्यांत कॅन्सस राज्य पहिलें आहे. तिकडे तिला मायलो म्हणतात आणि बहुतेक जनावरांस चारतात. कंबरेइतकी बुटकी, एका उंचीचीं टपोरीं कणसें, आणि भाकरी नाहीं, हें पाहून मला प्रथम चमत्कारिक वाटलें. कापणीनंतर उभ्या राहिलेल्या तिच्या धसकटांत कायोटी दिवसां दडून बसतो.

फेब्रुवारींत मेंढ्या विऊं लागल्या आणि एका आठवड्यांत चार कोंकरें गेलीं. मी समजलों कीं आतां बंदूक निघणार. त्या गृहस्थांनीं आधीं चाकू काढला. मेलेल्या कोंकराच्या मानेचें कातडें सोलून आंत रक्त साकळलें आहे कीं नाहीं तें पाहिलें. जिवंतपणीं दांत लागले असतील तरच कातड्याखालीं रक्त साकळतें. आपोआप मेलेलें कोंकरूं मागून कोणीं फाडलें असेल तर साकळत नाहीं. चारांपैकीं एक असें आपोआप मेलेलें निघालें. उरलेल्या तिघांच्या गळ्यावर, जबड्याच्या खालीं, दांतांचीं भोंकें होतीं आणि कुशीकडून मांस खाल्लेलें होतें. ही कायोटीची सही होय. गांवचीं कुत्रीं अशीं नेमकीं गळा धरीत नाहींत. तीं मागचे पाय, शेपूट, कान असें सर्वांगास फाडतात, आणि खातात थोडें. इतका काटेकोर पंचनामा मीं आमच्या खात्यांतहि क्वचित् पाहिला. दोष कोणाचा हें ठरल्यावर मगच हत्याराची गोष्ट निघाली.

त्यांच्या घरांत तीन रायफली होत्या : एक .२२ ची जुनी, एक .२२३ रेमिंग्टन, आणि एक .२४३ विंचेस्टर. त्यांचा मुलगा तेथून पश्चिमेस, कोलोराडोच्या सरहद्दीकडे शेती करतो. तो आला असतां .२२-२५० घ्या म्हणून वडिलांच्या मागें लागला. बापलेकांचा हा वाद दोन दिवस चालला आणि तो ऐकतां ऐकतां माझें शिक्षण झालें.

प्रथम ह्या आंकड्यांचा उलगडा करूं. आपल्याकडे बारा बोअर म्हणतात त्याचा अर्थ, त्या नळींत नेमकी बसणारी शिशाची वाटोळी गोळी एका पौंडांत बारा चढते. म्हणून वीस बोअर बारापेक्षां लहान. रायफलीचें माप याच्या उलट आहे. तेथें आंकडा इंचाचा अंश सांगतो, म्हणून आंकडा मोठा तशी नळी मोठी. परंतु हाहि आंकडा शपथेवर घेऊं नये. .२२० स्विफ्ट, .२२३ रेमिंग्टन व .२२-२५० रेमिंग्टन ह्या तिन्हींची गोळी एकाच व्यासाची, .२२४ इंचाची असते. .३०-०६ मधील ०६ हें १९०६ साल आहे. .३०-३० मधील दुसरा तीस म्हणजे मूळच्या दारूचें ग्रेनमधील वजन. .२२-२५० मधील २५० हें, .२५० सॅव्हेज नांवाच्या जुन्या काडतुसाचें तोंड आवळून तें तयार केलें, म्हणून राहिलेलें आहे. जुन्या फेरफाराच्या नोंदींप्रमाणें प्रत्येक आंकड्यामागें निराळी हकीकत आहे, आणि ती ठाऊक नसेल तर नुसता उतारा वाचून बोध होत नाहीं. आपल्या इकडे लष्करी मापाची .३०३ प्रतिबंधित बोअरमध्यें मोडते व तिच्याहून रुंद .३१५ परवान्यावर मिळते. तेव्हां कायद्यानेंहि केवळ आंकड्याकडे पाहिलेलें नाहीं.

खरा फरक आहे तो गोळीचें वजन व वेग यांत. वजन ग्रेनमध्यें सांगतात. आपला तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, यावरून हिशेब करावा. साधी .२२ लाँग रायफल ४० ग्रेनची गोळी सेकंदास सुमारें १,२५० फूट वेगानें फेंकते. .२२३ रेमिंग्टनची नेहमींची गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे तोळ्याचा तिसरा हिस्साहि नाहीं. पण तिचा वेग ३,२४० फूट, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जवळजवळ तिप्पट. दोन्ही गोळ्या जाडीनें सारख्याच दिसतात. वजन दीडपटहि वाढलेलें नाहीं. परंतु आघाताचा जोर वजनाच्या प्रमाणांत व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, त्यामुळें पहिलीचा जोर १४० फूट-पौंड तर दुसरीचा १,२८० फूट-पौंड होतो. नऊपट! ज्वारीच्या माळ्यावरून गोफण फिरविलेल्या माणसास हें समजावून सांगणें नको. तोच खडा हातानें फेंकला तर पांखरूं उडून जातें, गोफणींतून सुटला तर मरतें.

आतां एकेक काडतूस पाहूं. साधी .२२ कायोटीसाठीं अपुरी आहे. अगदीं जवळून, डोक्यावर नेम लागला तर जनावर पडतें. एरव्हीं पोटांत गोळी घेऊन तें पळतें आणि दोन दिवसांनीं कोठें तरी ओघळींत कुढून मरतें. हें कोणत्याहि सभ्य शेतकऱ्यास शोभत नाहीं. १९५९ मध्यें निघालेली .२२ मॅग्नम हिच्या दुपटीहून अधिक जोराची आहे आणि शंभर वारांच्या आंत, वारा पडलेला असतां, काम देते. २००२ मधील .१७ एच.एम.आर. ही फार सरळ व नेमकी जाते. परंतु गोळी अवघी १७ ग्रेनची, सशासाठीं उत्तम, कायोटीसाठीं हलकी.

येथून पुढें मोठ्या काडतुसांचा वर्ग लागतो. .२२३ रेमिंग्टन १९६४ मध्यें बाजारांत आलें, लष्करी ५.५६ मिलिमीटर काडतुसाचें हें भावंड आहे. म्हणून तें सर्वत्र मिळतें व आपल्या वर्गांत स्वस्त पडतें. धक्का कमी, नळी पुष्कळ टिकते. दोनशे वारांवर नेम जुळविला तर शंभर वारांवर गोळी सुमारें दीड इंच वर लागते आणि तीनशे वारांवर सात-आठ इंच खालीं. मात्र .२२३ असें कोरलेल्या रायफलींत ५.५६ चें लष्करी काडतूस घालूं नये. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात, पण लष्करी काडतुसाचा दाब त्या नळीच्या मुखांत धोक्याच्या मर्यादेपलीकडे जाऊं शकतो.

.२२-२५० हें हौशी लोकांनीं घरच्या घरीं बनवीत आणलेलें काडतूस १९६५ मध्यें रेमिंग्टन कंपनीनें आपलेंसें केलें. तीच ५५ ग्रेनची गोळी तें ३,६८० फूट वेगानें फेंकतें. तीनशे वारांवर गोळी साधारण सहा इंच खालीं येते, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी निभावतें. याची किंमत अशी कीं, दारू अधिक जळते, आवाज मोठा होतो आणि नळी लौकर झिजते. १९३५ मधील .२२० स्विफ्ट त्याहून वेगवान. तिची ४८ ग्रेनची गोळी ४,१०० फुटांच्या वर जाते. पण तिची काडतुसें आतां प्रत्येक दुकानांत मिळत नाहींत, आणि खेड्यांतल्या माणसानें दुर्मिळ काडतुसाची रायफल घेणें म्हणजे परदेशी वाणाचें यंत्र घेऊन सुट्या भागांसाठीं वाट पाहत बसणें होय. २००४ मध्यें निघालेली .२०४ रूगर हलक्या गोळीची व अति वेगाची आहे; तिच्याविषयीं पुढें वाऱ्याच्या ओघांत सांगतों.

.२४३ विंचेस्टर हें १९५५ चें. त्यांत हलकी ५८ ग्रेनचीहि गोळी येते व जड १०० ग्रेनचीहि. जड गोळीचा जोर १,९०० फूट-पौंडांच्या वर जातो. एकाच रायफलीनें हरणाची व कायोटीची दोन्ही शिकार करावयाची असेल त्याला हीच घेतली पाहिजे, कारण कोलोराडोसारख्या राज्यांत मोठ्या शिकारीसाठीं .२४ इंचाहून लहान नळी चालतच नाहीं. कायोटीपुरतें म्हणाल तर तिचा जोर गरजेहून अधिक आहे. ज्यास कातडें विकावयाचें असेल त्याचें कातडें ती फाडते. आणि याहूनहि मोठ्या .३०-०६ सारख्या रायफली कायोटीवर चालविणारे लोक मीं पाहिले; घरांत आहे म्हणून वापरतात, एवढेंच त्याचें समर्थन.

मग मुलगा .२२-२५० चा हट्ट कां धरीत होता? त्याच्याकडील जमीन सपाट आहे. क्षितिजापर्यंत गव्हाचें कोंवळें पीक, झाड नाहीं, आणि वारा अष्टौप्रहर. तेथें कायोटी अडीचशे-तीनशे वारांच्या आंत येण्यास कचरतो. वाऱ्याचा परिणाम आपण उपणणींत रोज पाहतों. पाटींतून धान्य सोडलें कीं दाणा पायाशीं पडतो आणि भूस दहा हातांवर जातें. गोळीचेंहि तसेंच आहे : हलकी अधिक वाहते, जड कमी, आणि हवेंत जितका अधिक वेळ राहील तितकी अधिक वाहते. ताशीं दहा मैलांचा आडवा वारा असतां .१७ एच.एम.आर.ची गोळी दीडशे वारांवरच आठ-नऊ इंच सरकते, म्हणजे मर्मस्थानाच्या पार बाहेर. .२२३ ची गोळी तीनशे वारांवर सुमारें फूटभर सरकते. .२२-२५० ची त्याहून कमी सरकते, कारण ती लौकर पोहोंचते; .२४३ ची जड गोळी आणखी कमी. .२०४ चा वेग पुष्कळ, परंतु गोळी तीस-चाळीस ग्रेनची असल्यामुळें दूरवर तो फायदा घटत जातो. दहा मैलांचा वारा म्हणजे कॅन्ससमध्यें शांत दिवस समजावा. मुलाची मागणी त्याच्या जमिनीस धरून अगदीं योग्य होती. चूक एवढीच कीं, आपल्या जमिनीचें उत्तर तो वडिलांच्या जमिनीवर लागू करूं पाहत होता.

वडिलांची जमीन चढउताराची, ओढ्याकांठीं झाडी असलेली. तेथें दीडशे वारांपलीकडे क्वचित् दिसतें. शिवाय दूर गोळी टाकण्याची पाळी येऊं नये म्हणून ते जनावरास जवळ बोलावीत. जखमी सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढणारी एक लहान पुंगी असते. ती वाजवून ते स्वस्थ बसत. कायोटी सरळ येत नाहीं. फेर धरून वाऱ्याच्या खालच्या अंगास जातो व वास घेतो. म्हणून वाऱ्याची ती बाजू उघडी राहील अशी बैठक धरावी लागते. जेथें घरें व गोठे दाट आहेत तेथें तर कित्येक शेतकरी रायफल बाजूस ठेवून बारा बोअरच घेतात. जाड छर्ऱ्यांचें काडतूस चाळीस वारांच्या आंत खात्रीचें व पुढें फार दूर न जाणारें.

आणि हें 'पुढें दूर न जाणें' हाच साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. तो मला त्यांच्या जमिनीच्या नकाशावरून उमगला. १७८५ च्या कायद्यापासून अमेरिकेनें नव्या मुलखाची मोजणी चौकोनांत केली. एक मैल लांब व एक मैल रुंद असा एक विभाग, त्यांत ६४० एकर. अशा ३६ विभागांची एक वसाहत. १८६२ च्या कायद्यानें कसणाऱ्यास फुकट दिली ती जमीन या विभागाचा चतुर्थांश, १६० एकर. आपली ३३ फुटी साखळी लावली तर प्रत्येक बाजू नेमक्या १६० साखळ्यांची भरते. बांधाचा वांकडेपणा नाहीं, पोटहिस्से नाहींत. माझ्यासारख्या कारकुनास तो नकाशा पाहून समाधान झालें. ह्या विभागांच्या हद्दीवर पुष्कळ ठिकाणीं मैला-मैलाला रस्ता आहे, आणि रस्त्याच्या कडेस घरें.

नकाशा माझ्यापुढें असतांना त्या गृहस्थांनीं साध्या .२२ च्या काडतुसांची पेटी ठेवली. ही गोळी सव्वा मैलापर्यंत धोकादायक आहे, अशी सूचना तिच्यावर छापलेली होती. .२२३ ची गोळी नळी वर धरून सोडली तर दीड-दोन मैलांच्या घरांत जाते. विभागाची बाजू एक मैलाची! म्हणजे शेताच्या मध्यावरून कोणत्याहि दिशेस चुकलेली गोळी निदान एक रस्ता ओलांडणार. घरांतली सर्वांत लहान रायफलहि आपल्या हद्दींत राहत नाहीं. तेव्हां कमी बोअर घेतली म्हणजे शेजारी निर्धास्त झाला, असें मानणें व्यर्थ आहे. गोळी अडविण्यास माती पाहिजे.

माझ्या नोकरींत एका शेतकऱ्यानें रात्रीं डुकराच्या अंदाजानें ज्वारींत बार टाकला आणि पलीकडील शेजाऱ्याचा बैल गेला. बंदूक ठासणीची, परवाना नियमित, नूतनीकरण वेळेवर. कागदांत कसलीहि खोट नव्हती. अहवाल मींच लिहिला होता. त्या बैलावर त्या घरची पेरणी अवलंबून होती, आणि दोन्ही घरांचें बोलणें मी बदलून जाईपर्यंत बंद होतें. ठासणीच्या बंदुकीनें हें होतें, तर रायफलीनें काय होईल?

मार्चच्या आरंभीं एका पहांटे आम्ही दोघे ओढ्याच्या दरडीस पाठ लावून बसलों. बर्फ ठिकठिकाणीं वितळलेलें, गवत कडक. त्यांनीं .२२३ घेतली होती. तीन-चार वेळां पुंगी वाजविल्यावर समोरच्या टेकाडावर कायोटी उभा राहिला. अंतर मोजून १८० वार, वारा नव्हता, जनावर आडवें, निश्चल. माझ्यासारख्या अडाण्यासहि वाटलें कीं आतां बार होणार. त्यांनीं रायफल खांद्याला लावली, दुर्बिणींतून पाहिलें, आणि खालीं घेतली. कायोटी दहाएक श्वास उभा राहून टेकाडापलीकडे गेला. मीं कारण विचारलें तेव्हां त्यांनीं केवळ बोट दाखविलें. जनावराच्या पाठीमागें नुसतें आकाश होतें. त्या आकाशाखालीं, टेकाडाच्या पलीकडे पाऊण मैलावर एक घर आहे, आणि त्या वेळीं तेथील मुलें शाळेच्या गाडीची वाट पाहत रस्त्यावर उभीं असतात. तीन कोंकरें नेणारें जनावर हातचें सोडल्याबद्दल ते एक शब्दहि बोलले नाहींत. थर्मासमधील कॉफी मात्र मला अर्धी दिली.

दुसरे दिवशीं बैठक बदलली. टेकाडावरच बसून नेम खालीं ओढ्याकडे लागेल असें केलें, म्हणजे चुकली तर गोळी समोरच्या दरडींत रुतावी. चवथ्या दिवशीं कायोटी नव्वद वारांवर आला. एकच बार झाला आणि तो जागच्या जागीं पडला. इतक्या अंतरावर .२२३, .२२-२५०, .२४३ यांपैकीं कोणतीहि चालली असती. त्या तिघींत निवड करण्याजोगें कांहीं उरलेंच नव्हतें.

गोळीच्या बनावटीविषयीं चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्या गृहस्थांच्या मतें बोअरच्या वादापेक्षां ही बाब अधिक महत्त्वाची आहे. संपूर्ण तांब्याच्या आवरणाची लष्करी धाटणीची गोळी जनावराच्या आरपार जाते, बारीक भोंक पाडते, आणि पलीकडे दगडावर आपटून भलतीकडे उसळते. कायोटीसाठीं पातळ आवरणाची, टोंक पोकळ किंवा प्लॅस्टिकचें असलेली गोळी घेतात. ती आंत शिरतांच फुटते, सारा जोर आंतच सोडते व बहुधा बाहेर पडत नाहीं. जनावर तडफडत नाहीं, कातडें शाबूत राहतें, आणि जमिनीवर आपटली तरी तिचे बहुधा तुकडे होतात. उसळण्याचा धोका यामुळें कमी होतो; नाहींसा मात्र होत नाहीं. म्हणून दरड पाहिजे ती पाहिजेच.

एका कायोटीनें प्रश्न सुटला काय? पंधरवड्यानें आणखी एक कोंकरूं गेलें. कॅन्ससमध्यें कायोटी वर्षभर मारण्यास मुभा आहे, आणि पिढ्यान् पिढ्या लोक मारीत आले आहेत, तरी तो हटलेला नाहीं. १९७५ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोघां अभ्यासकांनीं गणितानें दाखविलें कीं, दरसाल शेंकडा पंचाहत्तर जनावरें मारलीं तरी त्यांचा निर्वंश होण्यास पन्नास वर्षांहून अधिक लागतील. संख्या घटली कीं उरलेल्या माद्यांस पिल्लें अधिक होतात. रायफलीचा उपयोग कोंकरें धरण्यास चटावलेलें एखादें जनावर काढण्यापुरता आहे. हें ओळखून त्या गृहस्थांनीं एप्रिलांत पिरेनीज जातीचें मोठें पांढरें राखणीचें कुत्रें आणलें, मेंढ्या रात्रीं विजेच्या तारेच्या आवारांत घेऊं लागले, आणि मेलेल्या कोंकरांचीं कलेवरें शेतांत न टाकतां पुरूं लागले. कुत्रें आल्यावर, संधिप्रकाशांत बार करावयाचा नाहीं, असा घरांत नियम केला. शेजारच्या एकाचें पाळीव कुत्रें अंधारांत कायोटी समजून मारलें गेल्याचें त्यांनीं पाहिलें होतें.

मुलानें शेवटीं .२२-२५० घेतली, ती स्वतःच्या शेतासाठीं. मी निघण्याच्या आदल्या रविवारीं तिचा नेम जुळविण्याकरितां तो घरीं आला होता. वडिलांनीं रायफल उलटसुलट पाहिली, छान आहे म्हणाले, आणि निशाणाचा पुठ्ठा उचलून ओढ्याच्या दरडीकडे चालूं लागले.